पुदिन्याची बिस्किटं घरी करून कुत्र्याच्या तोंडाचा वास जातो का?

चिकूची मम्मी, भुसावळ

नमस्कार मंडळी. आमच्याकडे चिकू आहे, पांढरा पॉम (पोमेरेनियन कुत्रा), ७ वर्षांचा, वजन ६ किलो. दोनेक महिन्यांपासून त्याच्या तोंडाला फार वास येतोय. आधी वाटलं पावसाळा आहे, अंगणात काहीतरी घाण खाल्ली असेल, जाईल दोन दिवसात, पण नाही, रोजचंच झालं. मांडीवर येऊन बसला आणि जांभई दिली की उठून खिडकी उघडावी लागते. सासूबाई तर आता त्याला जवळच येऊ देत नाहीत, "याना तोंडना वास येस वं माय" म्हणतात आणि पदर नाकाला लावतात, आणि हा त्यांचाच लाडका, रात्री त्यांच्याच खाटेखाली झोपायचा. तो खाटेजवळ जाऊन उभा राहतो, त्या उठून दुसऱ्या खोलीत जातात, मग तो तिथेच बसून दाराकडे बघत राहतो. मला ते बघवत नाही हो.

त्यात पुढच्या रविवारी कानबाईचा सण आहे, धुळ्याचे नाशिकचे सगळे भाऊबंद येणार, घरात २५-३० माणसं, पोरं त्याला उचलून घेणार आणि तो सगळ्यांची तोंडं चाटणार.

दुकानातून दातासाठीच्या काड्या आणल्या होत्या, वास तसाच राहिला आणि वर दोन दिवस जुलाब. म्हणून आता घरीच काहीतरी करायचंय. पुदिना कोथिंबीर घालून बिस्किटं करतात असं ऐकलं, नक्की प्रमाण काय घ्यायचं? ओव्हन नाहीये माझ्याकडे, कुकर आहे. आणि श्रावण असल्यामुळे घरात अंडं चालत नाही, तर अंड्याशिवाय जमेल असं सांगा. खाणं म्हणाल तर सकाळी दूध-पोळी, दुपारी वरण-भात, रात्री पोळीच, चिकन श्रावण लागल्यापासून बंद. आणि मिस्टर जेवताना त्यांच्या ताटातलं भाकरी-भरीत देतात त्याला दोन घास, कितीही सांगितलं तरी.

वैशू, अमळनेर

ताई मी करते, चार वर्षं झाली, आमच्या राजासाठी (लॅब आहे, ३१ किलो). सांगते सगळं, पण पहिल्या वेळेला माझी काय फजिती झाली ते आधी ऐका म्हणजे तुमचं पीठ वाया जाणार नाही. मी नेटवर बघून गव्हाऐवजी ज्वारीचं पीठ घेतलं आणि गार पाण्यात मळलं, लाटताना कडा फाटल्या, भाजून काढले तर हातात घेतल्या घेतल्या भुगा. आपली आई भाकरीचं पीठ आधणाच्या पाण्यात का मळते ते माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्यानेच ती धरते.

तर १ वाटी ज्वारीचं पीठ, साधारण १०० ग्रॅम, आणि अर्धी वाटी ओट्स मिक्सरला बारीक करून. गंगाफळाच्या (लाल भोपळ्याच्या) दोन फोडी नुसत्या पाण्यात उकडून कुस्करून अर्धी वाटी, हे अंड्याचं काम करतं, श्रावणात मी असंच करते. पुदिन्याची १०-१२ पानं आणि मूठभर कोथिंबीर एकदम बारीक चिरून, पाट्यावर किंवा मिक्सरला नको, पाणी सुटतं. अर्धा छोटा चमचा खोबरेल, खायचं बरं का, केसाचं नाही. मीठ साखर गूळ काही नाही. आधणाचं पाणी थोडं थोडं घालून झाकून ठेवा ५ मिनिटं, मग हाताला सोसेल तेव्हा चांगलं मळा. पोळीपेक्षा जाड लाटा आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने पाडा, माझे ६० च्या आसपास होतात.

कुकरची शिट्टी आणि रबर दोन्ही काढा, तळाला वाटीभर मीठ पसरा, त्यावर स्टँड, १० मिनिटं बारीक गॅसवर तापू द्या, मग ताटलीला तेलाचं बोट लावून त्यात बिस्किटं ठेवा. २५ मिनिटं, मग उलटी करून आणखी १०. एका वेळी २० मावतात. घरभर पुदिन्याचा वास सुटतो, राजा कुकरसमोरून हलत नाही तोवर.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अंगठ्याच्या नखाने दाबलं तर खूण उमटली पाहिजे, इतपतच कडक ठेवा, त्याहून टणक झालं तर दात तडकू शकतो. दुसरं, सध्याच्या दमट हवेत बाहेर डब्यात ठेवलं तर तिसऱ्या दिवशी बुरशी येते, मला आलेली आहे. फ्रीजमध्ये ५-६ दिवस, बाकीची फ्रीजरमध्ये टाका आणि लागतील तशी काढा. उन्हाळ्यात हा प्रश्न नसतो, आखाजीच्या सुमारास तर गच्चीवर दुपारभर ठेवली की अशी खुटखुटीत वाळतात की गॅसच लागत नाही फारसा.

किती द्यायची ते वजनावर. खाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको असं म्हणतात, ६ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३५०-४०० कॅलरी लागतात, एक बिस्किट १० च्या आतबाहेर पडतं, म्हणजे चिकूला ३ पुरे.

धुळेकर ड्रेसर

मी ११ वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे, डॉक्टर नाही, पण रोज तोंडं बघतो म्हणून लिहून राहिलो. वैशूताईंची रेसिपी चांगली आहे, त्यात कुत्र्याला बाधेल असं काही नाही. पण ताई, पीठ मळायच्या आधी चिकूचा ओठ उचला. आज रात्रीच. मांडीवर घ्या, मोबाईलची बॅटरी लावा, तोंड उघडायची गरज नाही, फक्त वरचा ओठ बाजूने मागपर्यंत वर करा. पुढचा सुळा सोडून मागे जा, वरचा सगळ्यात मोठा दात दिसेल, तोच बघायचा, कारण लाळेची गाठ त्याच्याजवळच सुटते आणि कीटण पहिल्यांदा तिथेच धरतं. पिवळा-तपकिरी थर दिसतो का, हिरडीची कड लाल रेघेसारखी दिसते का, बोट लावलं की रक्त येतं का, ते सांगा.

का सांगतो ते बघा. कुत्र्याला ४२ दात असतात, आपल्याला ३२. खाल्ल्यावर दातावर जो बुळबुळीत थर बसतो त्यात जंतू वाढतात आणि ते गंधकाचे वायू सोडतात, सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्याचाच. तो थर पुसला गेला नाही तर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो, मग तो बिस्किटाने काय आणि ब्रशने काय, निघत नाही. त्याच्याखाली हिरडी सुटत जाते, पू होतो, हाड झिजतं. पॉम, पग असल्या छोट्या जातींचा जबडा लहान पण दात तेवढेच, सगळे दाटीवाटीने बसलेले, त्यामुळे यांना हे जास्त होतं. ७ वर्षांच्या पॉमला दोन महिने रोज वास म्हणजे माझा संशय तिकडेच जातो. पुदिन्याने वरचा वास तास-दोन तास झाकला जाईल, खालचा पू तिथेच राहील, आणि कुत्रं दात दुखतो म्हणून रडत नाही हो, ते खात राहतं.

वासात पण फरक असतो. लघवीसारखा, अमोनियासारखा येत असेल तर किडनीची तपासणी करा. पिकलेल्या फळासारखा गोड वास आणि पाणी खूप पिणं असेल तर शुगर. मासळीसारखा येत असेल आणि तो मागचा भाग जमिनीवर घासत असेल तर वास तोंडाचा नाही, शेपटीखालच्या गाठींचा आहे, तिथे चाटतो म्हणून तोंडाला लागतो.

आणि दादांना माझा हात जोडून निरोप द्या, भरीत बंद. आपल्या भरतात कांद्याची पात, लसूण, मिरची सगळं असतं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवला काय, कच्चा काय, पावडर काय, सारखंच. एका घासाने काही होणार नाही पण रोज दोन घास आणि ६ किलोचा जीव.

चोपडा शेतकरी

आमचा शेतावरचा गावठी आहे, वाघ्या. त्याचं सांगतो कारण ड्रेसर भाऊंनी हे लिहिलं नाही. मागच्या फेब्रुवारीत एकदम वास सुरू झाला, आदल्या दिवशी काही नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी असा वास की ओट्यावर बसवत नव्हतं. पंजाने तोंड खाजवायचा, लाळ गळायची, भाकरी टाकली तर चघळून टाकून द्यायचा. सगळे म्हणे पिसाळलं असेल, लांब राहा. मला पण भीती वाटली, खोटं कशाला बोलू, पण दरवर्षी लस दिलेली होती आणि डोळे नेहमीसारखे होते, माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. डॉक्टर घरी आले, स्वतःच्या तोंडाला मास्क लावून, हातमोजे घालून टाळूकडे बॅटरी मारली तर पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काडीचा) तुकडा, बोटाएवढा, टाळूला आडवा, दोन्ही बाजूच्या दाढांमध्ये पाचरीसारखा बसलेला. शेताच्या कडेला पऱ्हाट्यांचा ढीग होता, हा तिथे बसून चावायचा. चिमट्याने काढला, खालची जागा काळी पडलेली. तिसऱ्या दिवशी वास गेला. एकदम वास सुरू झाला तर टाळू बघाच, पण लाळ गळत असेल आणि लस झालेली नसेल तर स्वतः हात घालू नका, डॉक्टरलाच बोलवा.

चिकूची मम्मी, भुसावळ

ड्रेसर दादा, बघितलं काल रात्री. मिस्टरांनी धरला, मी बॅटरी लावली. डाव्या बाजूला तो मोठा दात तुम्ही म्हणालात तसाच, पण दात असा दिसतच नाही हो, वर तपकिरी खडबडीत थर, माठाच्या बुडाला क्षार चढतात ना तसा, आणि हिरडीची कड जांभळट लाल. कापडाचं टोक नुसतं टेकवलं तर लाल डाग आला. उजवीकडे थोडं कमी आहे. खालचे पुढचे बारीक दात बघितले तर त्यातला एक बोट लावल्यावर हलला. मी तिथेच रडायला लागले. दोन महिने हा पोळी एका बाजूनेच चावतोय ते मला दिसत होतं आणि मी म्हणत होते लाडात आलाय.

मिस्टरांनी भरीत बंद केलंय, न सांगता. ताट घेऊन आज आत जाऊन बसले जेवायला.

आता प्रश्न असा की शेजारच्या एका काकूंनी सांगितलं, दुकानात दात खरवडायची लोखंडी आकडी मिळते, घरीच काढून टाका, डॉक्टर उगाच भूल देतात आणि ७ वर्षांच्या कुत्र्याला भूल झेपत नाही. खरं आहे का? आणि तोवर बिस्किटं देऊ का नको?

धुळेकर ड्रेसर

ताई, रडू नका, तुम्ही बघितलंत हेच मोठं, बहुतेक लोक दात गळून पडला की येतात.

आकडी अजिबात नको. जागं कुत्रं हलतं, हिरडी फाटते, आणि दिसणारा थर निघाला तरी हिरडीच्या खालचा तसाच राहतो, आणि रोग तर खालीच असतो. दात वरून पांढरा दिसतो, आपल्याला वाटतं झालं, आतून मात्र सडत राहतो. शिवाय खरवडलेला दात खरखरीत राहतो, पॉलिश केला नाही तर त्यावर कीटण आणखी लवकर बसतं. म्हणून भूल देऊनच करतात, श्वासनलिकेत नळी टाकून, म्हणजे पाणी आणि घाण फुफ्फुसात जात नाही. ७ वर्षं म्हणजे फार वय नाही. आधी रक्त तपासून किडनी लिव्हर बघून घेतात, हृदय ऐकतात, मग ठरवतात. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, नळी टाकून करता का आणि दातांचा एक्स-रे होतो का, नसेल तर जळगाव किंवा नाशिकला कुठे होतं ते तेच सांगतील.

तोवर बिस्किट नको, हलत्या दाताने चावताना दुखतं. मऊ वरण-भात, पोळी भिजवून. आणि कानबाईच्या दिवशी चिकूला वरच्या खोलीत ठेवा किंवा कोणाला तरी त्याच्यावर नजर ठेवायला सांगा, पाहुणे प्रेमाने काहीही भरवतात, खीर-शिऱ्यातले मनुके तर कुत्र्याच्या किडनीला फार वाईट.

केळीबाग, रावेर

यात एक भर घालते. बिनसाखरेचं च्युइंगम, तोंडाच्या वासाच्या पुदिना गोळ्या, आपली टूथपेस्ट, यातलं काही वास जावा म्हणून कुत्र्याला देऊ नका. त्यातल्या काहींमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असतं, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात खाली येते, झटके येतात, लिव्हर जातं. पाहुण्यांच्या पर्समध्ये असतंच ते, पर्स खाली ठेवू देऊ नका. पेपरमिंट तेलाचे थेंब पण नको, पान आणि तेल यात फार फरक आहे. आणि पुदिन्याची चटणी म्हणजे पुदिना नव्हे, त्यात लसूण-मीठ-मिरची.

दात साफ झाल्यावर ब्रश चालू करा, बिस्किटापेक्षा शंभर पटीने उपयोग त्याचा. मी आमच्या सोनीला असं शिकवलं, पहिला आठवडा नुसतं बोटाला दही लावून ओठाच्या आत फिरवलं, दुसऱ्या आठवड्यात बोटाला मलमलचं ओलं कापड गुंडाळून, मग लहान बाळाचा मऊ ब्रश. पेस्ट कुत्र्यांची वेगळी मिळते, नाही मिळाली तर नुसतं पाणी. फक्त बाहेरची बाजू घासायची, आतली त्यांची जीभ करते. एका बाजूला २० सेकंद मिळाले तरी पुष्कळ. मात्र रोज, कारण वर लिहिलंय तसं तो थर दोन-तीन दिवसांत दगड होतो, मग आठवड्यातून एकदा घासून काय होणार.

आणि आमच्याकडे बागच असल्यामुळे लोक विचारतात म्हणून, केळं कुत्र्याला चालतं पण दातासाठी नको, चिकटून बसतं. रताळ्याच्या लांब चकत्या उकडून उन्हात वाळवल्या की चिवट होतात, सोनी अर्धा तास चघळते. पण त्या मार्च-एप्रिलमध्येच, आत्ता नाही.

चिकूची मम्मी, भुसावळ

तीन आठवडे झाले, लिहायचं राहून गेलं.

कानबाई नीट पार पडली, चिकू वरच्या खोलीत होता, माझी भाची पूर्ण वेळ त्याच्याजवळ बसली, खाली आरती चालू असताना तो एकदा भुंकला तेवढंच. त्याच आठवड्यात जळगावला नेला. रक्त ठीक आलं. सकाळी ११ ला घेतला, दुपारी ३ ला दिला, ५ दात काढावे लागले, खालचे पुढचे तीन, आणि डावीकडचा तो मोठा आणि त्याच्या शेजारचा. डॉक्टरांनी काढलेले दात कागदात दाखवले, त्या मोठ्या दाताची मुळं तीन असतात, एका मुळाला पू चिकटलेला होता. इतके दिवस हा ते घेऊन आमच्याशी खेळत होता.

पहिली रात्र वाईट गेली, नशेत कण्हत होता, मी खाली चटई टाकून झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी पातळ वरण-भात चाटून पुसून खाल्ला. १० दिवस सगळं मऊ. वास तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच कमी झाला होता, आता जवळ नाक नेलं तर कुत्र्याच्या तोंडाचा जो साधा वास असतो तोच आहे. दही लावून बोट फिरवतेय रोज, उजवीकडे करू देतो, डावीकडे मान फिरवतो, घाई करत नाहीये.

परवा वैशूताईंची बिस्किटं केली, गंगाफळाची. पहिली वीस करपली, गॅस मोठा राहिला, पुढची छान झाली, नखाची खूण उमटते. सासूबाई ओट्याशी उभं राहून बघत होत्या. रात्री मी भांडी आवरून आले तर त्या खाटेवर बसलेल्या, बिस्किट मोडून मोडून त्याच्या डाव्या बाजूला न लावता उजवीकडून भरवत होत्या, आणि चिकू त्यांच्या पायाशी.

एक विचारायचं होतं वैशूताई, सासूबाईंना आता रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने द्यायचं आहे, ३ च्या वर जाईल, चालेल का?

वैशू, अमळनेर

बिस्किटं पाडायचं झाकण छोटं घ्या ताई, औषधाच्या बाटलीचं. निम्म्या आकाराची ६ पडतील, सकाळी ३ संध्याकाळी ३, आजींचंही मन राहील. फक्त लहान बिस्किटं २५ मिनिटांत करपतात, १५ लाच बघा.